चेटूक

चेटूक : कोकणातील लोकसमजुतीनुसार माणसाने वश करून घरी बाळगलेली व धन्याची कामे करणारी अदृश्य शक्ती; व्यापक अर्थाने जादूटोणा. ते बाळगणारी स्त्री चेटकीण आणि पुरुष चेटक्या. करणी किंवा मूठ ही एका वेळेपुरती क्रिया असते. चेटूक मात्र घरात नांदते असे मानतात. त्यामुळे त्याचा बोल एका माणसावर न थांबता साऱ्या घराण्याला लागतो.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत दिसत नाही. संस्कृत ‘चेट’, ‘चेटक’ म्हणजे दास, सेवक. तंत्रग्रंथांत यक्षिणींच्या जोडीने चेटकांचीही साधना सांगितलेली असल्याने हे मूळ सयुक्तिक वाटते. अडचण ध्वनीची आहे. दोन स्वरांमधील ‘ट’चा मराठीत सामान्यतः ‘ड’ होतो (घोटक–घोडा, वट–वड), म्हणून ‘चेटक’पासून ‘चेडा’ हे रूप अपेक्षित आहे. आणि चेडा या नावाचे एक भूत कोकणात आहेच. तेव्हा ‘चेटूक’ हा शब्द बोलीतून घरंगळत आलेला नसून मांत्रिकांच्या पोथ्यांतून मागाहून उचलला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य ठरते. मालवणीतील ‘चेडू’ (मुलगी) आणि गोव्याकडील ‘चेडो’ (मुलगा) हेही याच कुळातले दिसतात. तसे असल्यास घरची लेक आणि घरचे चेटूक यांची नावे एकाच मुळाची ठरतात. दास, पोर आणि अंकित भूत या तिन्हींत ‘घरातले, हुकमातले’ हा अर्थ समान आहे. ‘चेटकीण’मधील ‘-ईण’ प्रत्यय स्त्रीत्व दाखवतो (वाघीण) तसेच पतीच्या जातिव्यवसायावरून येणारे नातेही (सुतारीण); येथे चेटूक बाळगणारी अभिप्रेत आहे की चेटकाची मादी, हे केवळ रूपावरून ठरत नाही.

कोकणातील भूतपिशाचांची ब्रिटिश अधिकारी आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केलेली माहिती 1915 मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी (1909 मध्ये नाशिकला ज्यांची हत्या झाली तेच तेथील कलेक्टर) गोळा केली होती आणि ती बव्हंशी शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांतून आली. चेटकीण ठरवल्या गेलेल्या बायकांचे स्वतःचे म्हणणे अशा साधनांत जवळजवळ नाही.

चेटकाचा संशय आल्यास घाडी किंवा उत्तर कोकणात भगत (भूतबाधा ओळखणारे व उतरवणारे गावचे जाणकार) यांच्याकडे जाण्याची, तसेच ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून कौल घेण्याची रीत आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अमानुष व अघोरी कृत्ये दंडनीय ठरवली.

रंगभूमीवर चेटकीण विनोदी झाली. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी आणि अलीकडच्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगवली. दोघेही पुरुष नट. ‘चेटक्या’ हा शब्द मात्र तोवर बोलण्यातून जवळजवळ गेला होता.