ख्रिस्ती श्रद्धा आणि ऐतिहासिक प्रमाण

ख्रिस्ती श्रद्धेचा आधार ऐतिहासिक पुराव्यात शोधावा की व्यक्तीच्या आंतरिक विश्वासात, या प्रश्नाभोवतीचा ज्ञानमीमांसात्मक व धर्मशास्त्रीय वाद. ख्रिस्ती धर्माचा मूळ दावा ठरावीक काळी व ठरावीक स्थळी घडलेल्या घटनेविषयी असल्यामुळे हा प्रश्न त्या धर्माला विशेष तीव्रतेने भिडतो. यहूदियाचा रोमन अधिकारी पंतय पिलात (कार्यकाळ सुमारे इ. स. २६–३६) याच्या अमदानीत नासरेथकर येशूला यरुशलेम येथे क्रुसावर खिळण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला, असे हा धर्म सांगतो. उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारात एका परकीय सरकारी अधिकाऱ्याचे नाव टिकून राहावे, ही बाबच या धर्माचे इतिहासाशी असलेले नाते सूचित करते.

मराठीत हा प्रश्न मांडताना ‘प्रमाण’ या संज्ञेमुळे थोडी गुंतागुंत होते. न्यायदर्शनात आप्तवाक्य, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीचे वचन, हेही स्वतंत्र प्रमाण मानले आहे. आधुनिक इतिहासशास्त्रात मात्र साक्ष ही पारखून घ्यावयाची सामग्री असते. नव्या करारातील ‘पिस्तिस’ या ग्रीक शब्दात एखादी गोष्ट खरी मानणे आणि एखाद्यावर भरवसा टाकणे, असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे ‘पुरावा की श्रद्धा’ ही फोड मूळ ग्रंथांवर पूर्णपणे लागू पडतेच असे नाही.

सर्वांत जुना लेखी आधार आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (सु. इ. स. ५३–५५) आहे. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, उठवला गेला आणि केफाला (म्हणजे पेत्राला), मग बारा शिष्यांना, नंतर पाचशेहून अधिक बंधूंना, याकोबाला व सर्व प्रेषितांना दिसला, असा क्रम त्याच्या पंधराव्या अध्यायात येतो. ‘मला जे मिळाले ते मी तुम्हांस सोपवले’ या प्रास्ताविकातील क्रियापदे ज्यू गुरुपरंपरेतील हिब्रू ‘किब्बेल’ (ग्रहण करणे) व ‘मासर’ (सोपवणे) या पारिभाषिक शब्दांशी जुळतात. शिवाय त्यातील काही शब्दप्रयोग पौलाच्या नेहमीच्या शैलीतले नाहीत. म्हणून हा मजकूर त्याला पाठांतरित सूत्राच्या रूपात मिळाला असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात व सूत्राचा उगम इ. स. ३० नंतरच्या पहिल्या दशकात ठेवतात. सूत्राची व्याप्ती नेमकी कोठे संपते, विशेषतः पाचशे बंधूंचा उल्लेख मुळातला की पौलाने जोडलेला, याबद्दल एकमत नाही. सूत्रात रिकाम्या कबरीचा उल्लेख नाही व शुभवर्तमानांत, म्हणजे नव्या करारातील येशूच्या चार चरित्रांत, प्रथम कबरीकडे जाणाऱ्या स्त्रियाही नाहीत. ‘दिसला’ हेच क्रियापद पौल पुढे स्वतःच्या अनुभवासाठी वापरतो. त्यामुळे त्या दर्शनांचे स्वरूप केवळ शब्दावरून ठरविता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की ही श्रद्धा हळूहळू रचलेली उत्तरकालीन आख्यायिका नव्हे. ती अगदी आरंभीची आहे. श्रद्धा प्राचीन असल्याने तिचा विषय खरा ठरत नाही, हा भेद लोकप्रिय समर्थनपर लेखनात पुष्कळदा सुटतो.

शुभवर्तमानांपैकी मार्कचे सर्वांत जुने (सु. इ. स. ७०) व योहानाचे सर्वांत उत्तरकालीन (सु. ९०–१००) मानण्याकडे कल आहे. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन हस्तलिखितांत मार्कचा मजकूर स्त्रिया भयभीत होऊन कबरीपासून पळाल्या, येथेच थांबतो; पुनरुत्थित येशूच्या दर्शनाची त्यापुढील वचने नंतरची भर मानली जातात.

ख्रिस्तेतर साधनांपैकी सर्वाधिक चर्चा ज्यू इतिहासकार फ्लेव्हिअस जोसीफस याच्या ज्यूंचा पुरातन इतिहास (सु. इ. स. ९३–९४) या ग्रंथाच्या अठराव्या खंडातील परिच्छेदाची झाली आहे. उपलब्ध ग्रीक पाठात येशूला शहाणा पुरुष म्हटले असून, ‘त्याला पुरुष म्हणणे योग्य असेल तर’ अशी पुस्ती जोडली आहे. पुढे ‘तो ख्रिस्त (म्हणजे ज्यूंना अपेक्षित असलेला अभिषिक्त तारणारा) होता’ आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत दिसला, अशी विधाने येतात. अखेरपर्यंत ज्यू राहिलेल्या लेखकाने असे लिहिणे असंभाव्य वाटते. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑरिजेनने तर जोसीफस येशूला ख्रिस्त मानत नसल्याचे स्पष्ट नोंदविले आहे. हा परिच्छेद प्रथम उद्धृत झालेला आढळतो तो चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार यूसीबियस याच्या लेखनात. या खंडाचे सर्वांत जुने ग्रीक हस्तलिखित अकराव्या शतकातील आहे. संपूर्ण परिच्छेद यूसीबियसने रचला, हे मत अभ्यासक केन ओल्सन यांनी अलीकडे पुन्हा मांडले. जॉन मायर आदींच्या मते मूळ तटस्थ नोंदीत ख्रिस्ती नकलनवीसांनी तीन ठिकाणी भर घातली. दहाव्या शतकातील अरबी इतिहासकार बिशप अगापियस याने दिलेला सौम्य पाठ श्लोमो पिनेस यांनी १९७१ मध्ये पुढे आणला, तेव्हा मूळ पाठच सापडला, असे काहींना वाटले. परंतु बाराव्या शतकातील मायकेल या सिरियाई लेखकाच्या ग्रंथातही जवळचा पाठ असून, दोहोंचा उगम एका सिरियाई भाषांतरात असावा, असे ॲलिस व्हेली यांनी दाखविले. त्यानंतर अरबी पाठाचे वजन कमी झाले आहे. विसाव्या खंडातील ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब’ याच्या वधाची नोंद मात्र बहुतेकांना अस्सल वाटते आणि तिच्यातील ओझरता उल्लेख आधी काही ओळख झाली असल्याचे सुचवितो. त्यामुळे अंशतः अस्सलतेचे मत अधिक ग्राह्य ठरते. रोमन इतिहासकार टॅसिटस (सु. इ. स. ११६) पिलाताकडून झालेल्या देहदंडाची नोंद करतो, पण पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो; मात्र १९६१ मध्ये कैसरिया येथे मिळालेल्या शिलालेखावरून त्याचे पद ‘प्रीफेक्ट’ होते, हे निश्चित झाले.

या साधनांतून येशूचे अस्तित्व व क्रुसावरील मृत्यू पुरेशा खात्रीने सिद्ध होतात. पुनरुत्थानाच्या बाबतीत साधनांपेक्षा पद्धतीचा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. चमत्काराची साक्ष खोटी असणे हे प्रत्यक्ष चमत्कारापेक्षा नेहमीच अधिक संभवनीय, असा स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा युक्तिवाद (१७४८) प्रसिद्ध आहे. जर्मन विचारवंत लेसिंग याने १७७७ मध्ये वेगळाच मुद्दा मांडला : इतिहासातील आगंतुक (घडली नसती तरी चालली असती अशी) सत्ये बुद्धीच्या अनिवार्य सत्यांचे प्रमाण होऊ शकत नाहीत. या दोहोंमधील अंतराला त्याने ओंगळ, रुंद खंदक म्हटले आणि तो आपल्याला ओलांडता येत नाही, अशी कबुली दिली. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉर याने (१८४४, १८४६) हा खंदक मान्य करून पुराव्याने तो बुजविण्याचा प्रयत्नच चुकीचा ठरविला. येशूच्या समकालीनालाही श्रद्धेच्या बाबतीत उत्तरकालीनापेक्षा काही अधिक सोय नव्हती, असे त्याचे म्हणणे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ एर्न्स्ट ट्रोल्चने १८९८ मध्ये चिकित्सा, सादृश्य (गतकाळातील घटना आजच्या अनुभवाशी ताडून पाहणे) व परस्परसंबंध (प्रत्येक घटना इतर घटनांच्या कार्यकारणसाखळीत पाहणे) ही इतिहाससंशोधनाची तत्त्वे मांडली. ती काटेकोरपणे लावल्यास अद्वितीय घटनेला इतिहासात जागाच उरत नाही. विसाव्या शतकातील जर्मन धर्मशास्त्रज्ञ बुल्टमानने श्रद्धा ऐतिहासिक संशोधनावर टेकविण्यास नकार दिला, तर त्याचाच शिष्य केझमान याने १९५३ मध्ये इतिहासातील येशूकडे पुन्हा लक्ष वेधले. पुढे जर्मन धर्मशास्त्रज्ञ पानेनबेर्कने पुनरुत्थान हा इतिहासाच्या कक्षेतलाच प्रश्न असल्याचे आग्रहाने प्रतिपादिले. रोमन कॅथलिक चर्चने पहिल्या व्हॅटिकन परिषदेत (१८७०) चमत्कार व भाकिते ही ईश्वरी प्रकटीकरणाची बाह्य चिन्हे मानली, मात्र श्रद्धा ही ईश्वरी कृपेचे दान असल्याचेही त्याच घोषणेत म्हटले.

भारतात हा वाद संस्कृतमध्येही झाला. स्कॉटिश प्राच्यविद्यापंडित जॉन म्यूर याने मतपरीक्षा (१८३९) या संस्कृत ग्रंथात धर्मसंस्थापकाचे साक्षींनी पटणारे चमत्कार हे सत्य धर्माचे एक लक्षण मानले. काशीस्थित महाराष्ट्रीय पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय या ग्रंथाने त्याला उत्तर दिले व त्यात शास्त्रावरील श्रद्धेला स्वतंत्र तर्काच्या आधी स्थान दिले. हेच गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या या नावाने त्यांनी पुढील आयुष्य ख्रिस्ती मताच्या समर्थनात घालविले. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक (बाप्तिस्मा १८९५) यांच्या बाबतीत प्रवासात हाती आलेल्या बायबलचे वाचन, विशेषतः डोंगरावरील प्रवचन, निर्णायक ठरले. त्यांच्या अभंगांतून येणारा ख्रिस्त वारकरी संतांच्या विठ्ठलासारखाच मायमाउलीच्या रूपात हाकेला धावतो आणि पुराव्याचा प्रश्न तेथे जवळजवळ उद्भवतच नाही.