“ती ओरडली का नाही?”

लैंगिक अत्याचाराविषयी एखाद्या स्त्रीने समाजमाध्यमावर लिहिले की त्याखाली हमखास येणारा हा प्रश्न नुकताच ठाण्यातील आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आला. विचारणारे गृहस्थ दुष्ट नव्हेत. जिवावर बेतले की माणूस लढतो किंवा पळतो, एवढेच आपण सारे शाळेत शिकलो आहोत.

तिसरी प्रतिक्रियाही असते. कोंबडीला जमिनीवर दाबून धरले की ती धडपड थांबवून निपचित पडते, हे जर्मन विद्वान अथानासियस किर्शर यांनी 1646 मध्येच नोंदवले होते. सुटकेची वाट बंद झाल्यावर येणाऱ्या या अवस्थेला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. प्राण्यांवरील प्रयोगांनुसार भीतीचा संदेश मेंदूतील अमिग्डाला या भीती ओळखणाऱ्या भागाकडून मध्यमेंदूतील पेरिॲक्विडक्टल ग्रे या पेशीसमूहाकडे जातो. आवाज काढण्याच्या क्रियेतही याच पेशीसमूहाचा मोठा वाटा असतो. त्याच वेळी नॉरएपिनेफ्रिन या ताणात स्रवणाऱ्या रसायनाच्या माऱ्याने विचारपूर्वक निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, मंदावतो. शुद्ध हरपलेली नसते, कळत सारे असते. पण हातपाय हलत नाहीत आणि वाचा बसते. ही संमती नव्हे, भित्रेपणाही नव्हे. इच्छेला न विचारता घडणारी ती शरीरक्रिया आहे. स्टॉकहोम येथील बलात्कारपीडितांच्या तातडीच्या चिकित्सालयात आलेल्या 298 स्त्रियांच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 70 टक्के जणींनी हा अनुभव लक्षणीय प्रमाणात आल्याचे सांगितले.

हे न समजल्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकार दिसत नाही, या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे स्पष्टीकरण कायद्यात 2013 मध्ये आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये ते कायम आहे.

अत्याचाराविषयी लिहिणाऱ्या स्त्रीच्या दुसऱ्या पोस्टमध्ये नवा तपशील कुठून येतो, याचाही येथे संबंध आहे. तीव्र ताणात धोक्याचे मध्यवर्ती तपशील, उदाहरणार्थ एखादा वास किंवा दाराची कडी, ठळक कोरले जातात. घटनांचा क्रम आणि वेळ मात्र विस्कळीत राहू शकतात. त्यामुळे तुटक कथन हा खोटेपणाचा पुरावा ठरत नाही, आणि निव्वळ तुटकपणामुळे आरोप सिद्धही होत नाही. त्यासाठी तपासच हवा. चेहरा आणि डोळ्यांची हालचाल पाहून खरे-खोटे सांगणाऱ्या ‘देहबोली तज्ज्ञां’च्या व्हिडिओंना मात्र विज्ञानाचा भरवशाचा आधार नाही, आणि तेच ग्रुपवर सर्वाधिक फॉरवर्ड होतात.