यॉर्कशायरच्या मिल आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांची नोकरी : पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, ड्यूझबरी या पट्ट्यात बाहेरून आलेल्यांना इंग्रजी शिकवण्यात ज्यांची अख्खी नोकरी गेली त्यांच्या कामाचं स्वरूप दर दहा वर्षांनी कोणीतरी वरून बदलून टाकलंय. कॉमनवेल्थच्या (राष्ट्रकुलातल्या) लोकांना ब्रिटनमध्ये यायची वाट मोकळी करणारा १९४८ चा नागरिकत्व कायदा, त्यावर आलेले १९६२ चे निर्बंध, पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मंगला धरणाखाली गेलेली मीरपूरकडची गावं आणि तिथून इकडे आलेली माणसं, हे सगळं इथे खोलात न जाता सोडून देतो.

मोठ्यांच्या वर्गांचं पहिलं दुखणं म्हणजे रात्रपाळी. लोकरीच्या मिलमध्ये रात्री बरेचसे आपापसात पहाडी-पंजाबी बोलणारे, साहेबाशी बोलायला एखादा जाणकार, आणि यंत्रांच्या खडखडाटात तसंही कोण काय बोलणार! संध्याकाळचा वर्ग भरायच्या वेळी ही मंडळी कामावर निघालेली असायची. म्हणून १९७४ पासून सरकारी पैशावर शिक्षकच कारखान्यांत जायला लागले. पगाराची स्लिप, सेफ्टीच्या पाट्या, रजेचा अर्ज हाच सिलॅबस. हळूहळू लक्षात आलं की सुपरवायझरलाही शिकवायला लागतंय. त्या काळचं गाजलेलं उदाहरण एका ब्रिटिश विमानतळाच्या स्टाफ कॅन्टीनमधलं आहे. वाढणाऱ्या भारतीय-पाकिस्तानी बायका ‘ग्रेव्ही हवी का’ या अर्थाने नुसतं ‘ग्रेव्ही’ म्हणताना सूर खाली आणायच्या, इंग्रजांना तो उद्धटपणा वाटायचा, कारण त्यांच्याकडे विचारताना सूर वर जातो. टेप ऐकवल्यावर दोन्ही बाजूंना भानगड कळली. ही योजना १९८९ ला गुंडाळली, तोवर बऱ्याच मिलनाही टाळं लागलं होतं.

मुलांच्या बाजूला मात्र खरा राडा झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांची कॅल्डरडेलमध्ये (म्हणजे हॅलिफॅक्सच्या भागात) भाषेची परीक्षा घ्यायचे, कमी पडलेल्यांना नेहमीच्या वर्गाऐवजी वेगळ्या सेंटरमध्ये नाहीतर वेगळ्या वर्गात पाठवायचे. १९८६ मध्ये वंशसमानतेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्यावर बोट ठेवून अहवालात सांगितलं की हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, शैक्षणिक कारणाने त्याचं समर्थन होत नाही. निर्णय बरोबरच होता, मुलं वेगळी काढली की विज्ञान-गणितात मागे पडणारच ना. पण मग देशभर सेंटरं बंद होत गेली आणि वीस-वीस वर्षं हेच काम केलेल्या बाया दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसल्या, वर्गशिक्षकाला त्यांचं काय करायचं ते ठाऊक नाही, बऱ्याच ठिकाणी त्या नुसत्या मदतनीस होऊन गेल्या. ट्रेनिंगला पैसा आणि वेळ दिला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं, पण त्या अहवालावर बोलताना हे कोणी काढत नाही. त्यात यातल्या बऱ्याच जणींचा पगार १९६६ च्या स्थानिक प्रशासन कायद्यातल्या कलम ११ च्या सरकारी अनुदानातून, म्हणजे नोकरी कायम टांगणीला. शिवाय ते अनुदान १९९३ पर्यंत फक्त कॉमनवेल्थमधून आलेल्यांसाठी, त्यामुळे व्हिएतनामहून आलेल्या निर्वासितांची पोरं कागदावर त्यात बसतच नव्हती!

पुढचं भराभर झालं. २००१ ला मोठ्यांच्या इंग्रजीसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि भरपूर पैसा, २००४ ला पूर्व युरोपातून लोक, वर्गांना वेटिंग लिस्ट. मग २००७ ला इंग्लंडमध्ये सरसकट फुकट वर्ग बंद, आणि २०१३ पासून ब्रिटनमध्ये कायम राहायचं तर तिथल्या जीवनाबद्दलच्या आधीच्या परीक्षेबरोबर इंग्रजी बोलण्या-ऐकण्याचं सर्टिफिकेटही लागायला लागलं. म्हणजे एका हाताने फी लावली आणि दुसऱ्या हाताने इंग्रजी सक्तीचं केलं, आणि ते फॉर्म भरून देण्याचं कामही शेवटी शिक्षकांकडेच आलं.