पितळी नळी किंवा कपाचा व्यास बदलून घेताना

तयार पितळी तुकड्याचे तोंड आवळून किंवा फुलवून तो दुसऱ्या मापाचा करून देण्याचे जॉबवर्क आम्ही बडोद्यात मकरपुऱ्याला करतो. यात माल रिजेक्ट होतो तो बहुधा डायमुळे (आकार देणाऱ्या साच्यामुळे) नाही, तर चुकीच्या पितळामुळे किंवा चुकीच्या जागी दिलेल्या आचेमुळे. म्हणून ऑर्डर देण्याआधी एवढे वाचून घ्यावे.

आधी पितळ कोणते ते सांगा. 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले पितळ गार अवस्थेत हवे तसे वळते. लेथसाठी शिसे घातलेले पितळ मिळते, ते कातायला छान, पण आवळायला घेतले की तडकते. भंगारातून आलेला मिश्र माल असेल तर एक तुकडा आधी पाठवा. आम्ही तो दाबून बघतो, मगच हो म्हणतो.

समजा बाहेरून 25 मिमी, भिंत 1 मिमी आणि तोंड 16 मिमीचे करायचे आहे. एका दणक्यात केले तर भिंतीला सुरकुत्या पडतात. आम्ही 25 वरून 21.5, मग 18.5, मग 16 असे तीन डायमधून नेतो. सुरुवातीला तोंड तापवून नरम करतो आणि दुसऱ्या डायनंतर पुन्हा एकदा. आवळताना धातू कुठेतरी जाणारच: थोडी लांबी वाढते, आणि 1 मिमीची भिंत तोंडाशी सव्वा मिमीच्या आसपास जाते. म्हणजे बोअर (आतल्या भोकाचा व्यास) 14 ऐवजी साडेतेराच मिळतो. ड्रॉइंगवर फक्त बाहेरचे माप लिहून पाठवणाऱ्यांची इथेच फसगत होते. बोअर महत्त्वाचा असेल तर तसे लिहा, शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवावा लागेल. लांबी आम्ही सर्वांत शेवटी कापतो.

फुलवताना उलटे होते, भिंत पातळ होते. काठावर बर (कापताना उरलेली धारदार कड) राहिली असेल तर चीर तिथूनच सुरू होते, त्यामुळे बर आधी काढलेली हवी.

तेल बेताने लागते. कमी पडले तर तुकडा डायमध्ये अडकतो. जास्त झाले तर कोंडलेल्या तेलाला जायला वाट नसते आणि खांद्यावर (तोंड अरुंद होत जाते त्या उतारावर) खड्डा उमटतो. असा खड्डा दिसला की पितळाला दोष देऊ नये.

आता आच. पूर्ण तुकडा नरम करायचा तर भट्टीत 550 ते 600 अंश सेल्सिअस, अर्धा तास. फक्त तोंड नरम हवे असेल तर तळ पाण्यात उभा ठेवून वर गॅस टॉर्च फिरवतो. तळ कडकच राहायला हवा, दाब तोच सोसतो. हे अंधाऱ्या कोपऱ्यात करावे लागते, कारण पुसटशी लाली दिसताच ज्योत बाजूला घ्यायची असते. नारिंगी रंग चढून पांढरा धूर निघाला तर जस्त उडायला लागले. तो तुकडा भंगारात. जास्त वेळ तापलेल्या पितळाचे कण वाढतात आणि पुढे ओढताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पितळ पाण्यात बुडवल्याने पोलादासारखे कडक होत नाही, ते फक्त लवकर हाताळता येते.

शेवटचा ताण काढणे टाळू नका, पैसे वाचवण्याची ही जागा नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत. घोड्यांच्या मलमूत्रातला अमोनिया, दमट हवा आणि धातूत उरलेला ताण एकत्र आले की असे होते; 1921 मध्ये याचा उलगडा झाला. आजही खताच्या गोदामाशेजारी किंवा अमोनियायुक्त क्लीनरने पुसलेल्या रॅकवर ठेवलेला माल चिरतो. 275 अंशांवर तासभर ठेवले की ताण निघतो, कडकपणा जवळपास तसाच राहतो.

भट्टीतला काळपटपणा सौम्य सल्फ्युरिक ॲसिडने जातो. त्यात लोखंडी चिमटा बुडाला तर पितळावर तांब्याची लाली बसते, म्हणून आम्ही प्लास्टिकच्या टोपल्या वापरतो.

बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांचे माप बदलून देण्याची विचारणा येते. ते काम आम्ही घेत नाही. त्याला आर्म्स ॲक्ट 1959 खालचा परवाना लागतो.

माल पाठवताना शंभरामागे पाच नग जादा द्या, डाय सेट करण्यात तेवढे जातात. सोबत ड्रॉइंग, तोंडाचे आतले-बाहेरचे माप आणि तुकडा पुढे कशात बसणार आहे, हे लिहून द्या.