एअर जॅक (शर्यतीच्या मोटारीचा)

एअर जॅक : शर्यतीच्या मोटारीच्या सांगाड्यातच कायमचा बसवलेला, दाबाखालच्या वायूवर चालणारा जॅक. गाडीच्या पोटाशी असे तीन किंवा चार उभे सिलिंडर असतात. बाहेरून नळी जोडून वायू सोडला की त्यांतले दट्ट्ये खाली सरकून जमिनीवर टेकतात आणि चारही चाकांसकट अख्खी गाडी एक-दोन सेकंदांत वर येते. वायू सोडून दिला की गाडी खाली बसते आणि दट्ट्ये आतल्या स्प्रिंगच्या ओढीने पुन्हा सिलिंडरमध्ये जातात. नळीच्या टोकाला हातात धरायची एक लांब दांडी असते. तिला लान्स म्हणतात. गाडीच्या मागच्या किंवा बाजूच्या भागातल्या तोंडात ती खुपसली की काम सुरू होते.

ल माँसारख्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यती, जीटी३ गाड्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या) आणि अमेरिकेतली इंडीकार मालिका यांत हे जॅक सर्रास दिसतात. १९८०च्या दशकातल्या पोर्शे ९५६ आणि ९६२ या गाड्यांतही ते होते. फॉर्म्युला १ मध्ये मात्र गाडीवर हे वजन वागवत नाहीत. तिथे पुढून आणि मागून दोन माणसे तरफेचे जॅक लावतात आणि तरीही चाकबदल दोन-अडीच सेकंदांत उरकतो. नॅसकार या अमेरिकी शर्यत-मालिकेत एक माणूस जॅक उचलून गाडीभोवती धावतो आणि एका वेळी एकच बाजू वर घेतो.

एअर जॅकची सारी ताकद दाब आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकारात आहे. दट्ट्याचा व्यास ४० मिमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौ. सेंमी भरते. ३० बार दाबाला असा एक जॅक सुमारे ३८५ किलो उचलतो, म्हणजे चार मिळून दीड टनाच्या आसपास. पंक्चरच्या दुकानातल्या ८ बारच्या कॉम्प्रेसरला हेच चार जॅक जोडले तर जेमतेम ४१० किलो उचलले जातील आणि गाडी जागची हलणार नाही. म्हणून पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी चाके-इंधनासाठी थांबते त्या जागी, कॉम्प्रेसरऐवजी उच्च दाबाची बाटली आणि तिचा दाब उतरवून देणारा रेग्युलेटर वापरतात. बाटलीत बहुधा नायट्रोजन असतो : तो कोरडा असतो, त्यामुळे आत पाणी साचून गंज धरत नाही, आणि तो पेट घेत नाही. ऑक्सिजनची बाटली हाताशी असली तरी ती कधीही जोडू नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन तेल-ग्रीसला भिडला तर स्फोटक आग लागू शकते, आणि गॅरेजमधल्या नळ्या-सांध्यांवर तेलाचा अंश असतोच.

बाटलीत २०० बार आणि जॅकला लागतात ३० बार. या दोहोंमध्ये उभा असतो तो एकटा रेग्युलेटर. आधीच्या माणसाने दुसऱ्या कामासाठी तो जास्त दाबावर लावून ठेवला असेल, तर वाल्व्ह उघडताक्षणी सगळी नळी जादा दाबाखाली येते. त्यामुळे बाटली उघडण्यापूर्वी रेग्युलेटर पूर्ण सैल करायचा, मग गेजकडे बघत जॅकच्या निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यापर्यंत हळूहळू न्यायचा. पुढे दाबमोचक वाल्व्ह असावा आणि नळी त्या दाबासाठीच बनवलेली असावी. सुटलेली नळी चाबकासारखी फिरते. डोळ्यांवर चष्मा नसेल तर एक फटका पुरे. बाटली उभी, साखळीने बांधलेली आणि सावलीत हवी. २० अंशांची बाटली उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर २०० बारचे सुमारे २२७ होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक सहज पडतो.

गाडी वर जाताना ती सरळ जात नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला दचकवते. सगळे जॅक एकाच वाहिनीवर असतात आणि वायू आधी सर्वांत कमी भार असलेल्या ठिकाणी जोर दाखवतो. म्हणून हलकी बाजू आधी उठते, जड बाजू मागाहून. दाब कमी झाला तर क्रम उलटा : जड कोपरा आधी बसतो. जमीन उतारावर असेल तर त्या क्षणी गाडी कडेला सरकते, बारीक दट्ट्यांवर आडवा ताण येतो आणि ते वाकतात. चाके जमिनीवरून सुटल्यावर हँडब्रेक किंवा गिअर गाडीला धरू शकत नाहीत, हे विसरून चालत नाही. कडक उन्हात मऊ झालेल्या डांबरात दट्ट्याचा पाय रुततो, तेव्हा प्रत्येक पायाखाली जाड ॲल्युमिनियमची किंवा प्लायची पट्टी ठेवणे बरे. सर्वांत भरवशाची जागा म्हणजे सपाट काँक्रीट.

सर्वांत गंभीर धोका मात्र गाडी वर गेल्यानंतरचा आहे. एअर जॅक चार चाके बदलण्यापुरता, काही सेकंदांसाठी गाडी उचलायला बनवलेला आहे. ती तोलून धरणारी वस्तू म्हणजे दाबलेला वायू, आणि तो एखाद्या सीलमधून, सांध्यातून किंवा कुणीतरी चुकून ओढलेल्या लान्समधून क्षणात निघून जाऊ शकतो. काही रचनांत लान्स काढताच गाडी खाली येते, काहींत ती वरच राहते आणि वेगळा वाल्व्ह उघडावा लागतो. आपल्या गाडीत यांतले काय आहे, हे प्रत्येक मदतनिसाला माहीत असलेच पाहिजे. दुसऱ्या टीममधून आलेला माणूस जुन्याच सवयीने हात घालतो. यासाठी बाहेर आलेल्या दट्ट्यांवर सुरक्षा कडी चढवतात. ही एका बाजूने उघडी असलेली जाड धातूची नळी असते. ती दट्ट्यावर अडकवली की वायू गेला तरी सिलिंडर तिच्यावर बसतो आणि गाडी खाली येत नाही. चाकबदलाच्या पलीकडचे काही करायचे असेल तर ही कडी सगळ्या जॅकना हवी, एकाला लावून भागत नाही. गाडीखाली अंग जाणार असेल तर कड्यांवरही न थांबता सांगाड्याच्या मजबूत जागी जॅक स्टँड लावावेत. दोन मिनिटे वाचवण्यासाठी हे टाळणारे लोक भेटतात. त्यांना थांबवण्याचा हक्क टीममधल्या सर्वांत नवख्या पोरालाही असायला हवा.

तीन जॅकच्या गाडीत आणखी एक बारकावा आहे. तीन पायांच्या त्रिकोणाच्या आत गाडीचा गुरुत्वमध्य असतो तोवर ती स्थिर राहते. गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवले की तो मध्य सरकतो, आणि आत्तापर्यंत निवांत उभी असलेली गाडी कलंडू शकते. जड भाग काढण्याआधी ती स्टँडवर घ्यावी.

लान्स धरणाऱ्या माणसाने तेवढ्यापुरते दुसरे कुठलेही काम करू नये. त्याची नजर चारही चाकांवर हवी. प्रत्येक मेकॅनिकने हात वर करून खूण केल्याशिवाय गाडी खाली येऊ नये, आणि येण्याआधी लान्सवाल्याने मोठ्याने सांगावे. इंडीकारमध्ये भिंत ओलांडून पिटमध्ये उतरणाऱ्या सहा जणांत चार चाकांचे, एक इंधनाचा आणि एक जॅकचा असतो. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत जॅकवर असलेल्या गाडीचे इंजिनाच्या जोरावर फिरणारे चाक फिरले तर दंड होतो. खाली माणसे वाकलेली असताना ते टायर फिरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

हौशी मालक ट्रॅकवरच्या गाडीला हे जॅक बसवून घेतात तेव्हा खरी कसोटी वेल्डिंगची असते. सिलिंडर पातळ पत्र्याच्या फरशीला कधीही जोडू नये. गाडीचा भार रोलकेजच्या (चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या) नळ्यांत किंवा मुख्य सांगाड्यात उतरला पाहिजे आणि सिलिंडर उभ्या रेषेत हवा. दट्ट्यावर ब्रेकची पूड आणि रबराचा चुरा चिकटतो. तो आत जाऊन सील कापतो, म्हणून दट्टे आत जाण्यापूर्वी फडक्याने पुसतात. ओरखडा आढळला तर सील बदलतात. स्प्रिंग थकली की एखादा दट्ट्या बोटभर बाहेर लोंबत राहतो. जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर उंच असलेली गाडी तशीच निघाली तर तो ट्रॅकच्या कडेच्या पहिल्या उंचवट्यावर (कर्बवर) आपटून तुटतो, त्यामुळे गाडी पिटमधून सोडण्याआधी कुणीतरी वाकून सगळे दट्ट्ये आत गेल्याची खात्री करतो.