डोक्याने फुटणाऱ्या विटेची पार्श्वभूमी

मे महिन्यात कूलरसमोर बसून व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट फुंकणाऱ्या नागपूरच्या पोट्ट्यांना हा नियम कुणी शिकवावा लागला नाही: खेळाचा नायक मारिओ छोटा असताना खालून आदळला की वीट नुसती उसळते, मोठा आदळला की फुटते. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या क्लोन (नकली) गेम मशिनसोबत माहितीपुस्तक मिळालं तरी ते वाचतो कोण? पहिल्या मिनिटात दोनदा उडी मारली की नियम कळायचा. या एका नियमामागे मात्र मशिनच्या मेमरीचं बरंच राजकारण आहे.

फुटणारी वीट मारिओच्या आधीपासूनची. 1976 साली अटारीच्या ब्रेकआउटमध्ये विटांची भिंत हेच लक्ष्य होतं, पण तिथे चालायला पात्रच नव्हतं. 1983 च्या लोड रनरमध्ये पळणारा माणूस आपल्या डावी-उजवीकडची खालची वीट खोदायचा. थोड्या वेळाने ती वीट आपोआप भरायची आणि तेव्हा आत जो असेल तो मरायचा. त्याच वर्षी आर्केडवरच्या (नाणं टाकून खेळायच्या मशिनवरच्या) मारिओ ब्रदर्समध्ये खालून मजल्याला धडक देऊन वरच्या कासवाला उलटं पाडायची युक्ती आली. मजला तिथे उसळत होता, फुटत नव्हता. एका धडकेत मजल्यांवरच्या सगळ्या शत्रूंना हादरवणारा, तीनदा वापरता येणारा पॉव ठोकळाही तिथलाच.

खालून धडक आणि फुटणं, दोन्ही जुळलं ते 13 सप्टेंबर 1985 ला जपानात आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा हा खेळ निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम मशिनसाठी होता. फॅमिकॉमचं पार्श्वचित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या फरशांचं: आडव्या 32, उभ्या 30. रंगांचा संच मात्र प्रत्येक फरशीला वेगळा देता येत नाही. चार फरशांच्या 16 बाय 16 च्या चौकोनाला मिळून एकच. वीट त्याच मापाची, आणि छोटा मारिओही तेवढाच. खरं तर आपण जिला वीट म्हणतो तो बांधकामाचा चौकोनी तुकडा आहे, त्यात सांधे दिसतात. कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेची असो की भट्टीची लाल, खरी वीट अशी अधांतरी टांगली तर गवंडी पळून जाईल.

मशिनची कामाची मेमरी 2 किलोबाइट. त्यातले 416 बाइट या खेळाने ठोकळ्यांच्या तक्त्याला दिले: 13 ओळी, 32 स्तंभ, म्हणजे दोन पडद्यांपुरता नकाशा. पडद्यावर दिसते ते चित्र. मारिओ अडतो तो या तक्त्यातल्या आकड्याला. वीट फुटते म्हणजे तिथला आकडा शून्य होतो. बाकी सगळं नाटक. खेळात मागे जायची सोय नाही, त्यामुळे मागचा स्तंभ बिनधास्त पुसून तिथे पुढचा नकाशा भरता येतो. कुठली वीट फुटली याची वही ठेवावी लागत नाही.

आता एक धडक जवळून बघू. मारिओची रुंदी 16 पिक्सेल, पण डोक्याची तपासणी फक्त एका बिंदूवर होते, डावीकडून आठव्या पिक्सेलवर. पायांना दोन बिंदू, तिसऱ्या आणि बाराव्या पिक्सेलवर. म्हणून कडेला एका पायावर उभं राहता येतं, पण दोन विटांच्या सांध्याखाली उडी मारली तर एकच फुटते. (चित्रात वर जाते ती मूठ. प्रोग्राम मात्र डोकंच विचारात घेतो.) मोठा मारिओ असेल तर चार फरशा पुसल्या जातात, चार तुकडे उडतात, 50 गुण मिळतात. पुसण्याचं काम पडदा रंगवून झाल्यावरच्या छोट्या सवडीत उरकावं लागतं. एरवी चित्राच्या मेमरीत हात घातला की पडद्यावर कचरा दिसतो.

छोट्या मारिओची उसळी उलट जास्त कटकटीची. पार्श्वचित्रातली एक फरशी एकटी हलत नाही. म्हणून वीट तिथून पुसायची, तिच्या जागी तशीच दिसणारी स्प्राइट (पार्श्वचित्रावर सुटी हलवता येणारी छोटी आकृती) काढायची, ती क्षणभर वर-खाली न्यायची आणि मग वीट परत लिहायची. एका आडव्या रेषेत 8 च स्प्राइट दिसू शकतात. तिथे शत्रूंची गर्दी असली तर कुणीतरी लुकलुकणार किंवा गायब होणार. अनेकांना तो कॅसेटचा दोष वाटायचा. कॅसेट बिचारी निर्दोष.

धडकेगणिक नाणं देणारी वीटही घड्याळावर चालते. पहिल्या धडकेला 11 चा आकडा लागतो, तो दर 21 फ्रेमनी (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) एकाने उतरतो. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर जवळपास 4 सेकंद. शून्य झाल्यावरची धडक शेवटचं नाणं देते. पाल (PAL) पद्धतीच्या टीव्हीसाठीच्या क्लोनवर 50 फ्रेम असल्या तर घड्याळ साडेचार सेकंदांवर जातं, पण मारिओही तितकाच सुस्तावतो. हिशेब तिथल्या तिथे.

मेट्रॉइडने (1986) दोन्ही दिशांना फिरायची मोकळीक दिली आणि वहीचा प्रश्न उभा राहिला. उत्तर जुनंच, लोड रनरचं: गोळीने फुटलेला ठोकळा थोड्या वेळाने परत येतो. सुपर मारिओ ब्रदर्स 3 मध्ये (1988) पी-स्विच हे बटण दाबलं की विटांची नाणी आणि नाण्यांच्या विटा होतात, म्हणजे आकड्यांची अदलाबदल. सुपर मारिओ वर्ल्डचा (1990) पिवळा ठोकळा खालून फुटतच नाही, गरगर फिरतो आणि फिरत असेपर्यंत आरपार जाता येतं. क्रॅश बँडिकूटच्या (1996) लाकडी खोक्यांचं कारण त्रिमितीचं: खोक्याला बहुभुज (त्रिमितीतली आकृती ज्या सपाट तुकड्यांनी बनते ते) फार थोडे लागतात, त्यामुळे रिकामा रस्ता स्वस्तात भरतो.

आज युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइलमॅप (रकान्यांत ठोकळे मांडायचा तक्ता) घेऊन अशी वीट करणाऱ्याला मेमरीची चणचण नाही, पण जुनी चूक नव्या रूपात भेटते. टक्कर झाल्याचा बिंदू विटेच्या बरोबर कडेवर येतो. त्यावरून रकाना काढला की कधी शेजारचा, कधी खालचा रिकामा रकाना मिळतो आणि वीट फुटत नाही. तो बिंदू धडकेच्या दिशेने किंचित आत सरकवायचा, मग रकाना विचारायचा. सांध्याखाली दोन टक्करी नोंदल्या जातात तेव्हा डोक्याच्या मध्याला जवळची एक निवडायची. परत येणारी वीट करायची असेल तर भरण्याआधी त्या रकान्यात कुणी उभं आहे का ते तपासायचं, आणि असेल तर थांबायचं की मारायचं हे आधीच ठरवून ठेवायचं.