युद्धवर्णन आणि वैदर्भी रीती

विदर्भाचं नाव ज्या रीतीला (शब्दरचनेच्या शैलीला) मिळालं ती वैदर्भी गोड, मोकळी, लांब समास टाळणारी, आणि लढाई लिहायची तर काव्यशास्त्र ओज (जोरकस, भारदस्त बांधणी) मागतं, त्यामुळे युद्धवर्णनाचं रसग्रहण करताना हा पेच येतोच.

नाव कसं पडलं यावर मतभेद जुने आहेत. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं (बहुधा सातव्या शतकाचा शेवट) वैदर्भ मार्ग आणि गौड मार्ग असे दोन सांगितले. वामन (इ.स. ८००च्या आसपास) म्हणतो "विदर्भादिषु दृष्टत्वात् तत्समाख्या", म्हणजे तिकडच्या कवींत दिसली म्हणून ते नाव, बाकी प्रदेशामुळे काव्यात काही भर पडते असं नाही. नंतरच्या कुंतकाला तर प्रदेशावरून रीती ठरवणंच मान्य नव्हतं, त्यानं सुकुमार, विचित्र, मध्यम असे मार्ग केले. वामनाचं म्हणणं जास्त पटतं. शिवाय त्याची वैदर्भी "समग्रगुणा" (सगळे गुण असलेली) आहे, म्हणजे ओजही तिच्यात आलंच, तिला नुसत्या माधुर्यात बसवलं ते पुढे विश्वनाथासारख्या शास्त्रकारांनी.

विदर्भातल्या युद्धवर्णनाचा सगळ्यात मोठा पुरावा संस्कृत नाटककार भवभूती (साधारण आठव्या शतकाचा पूर्वार्ध). तो आपलं गाव पद्मपूर सांगतो, ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर असं वा. वि. मिराशींनी मांडलं आणि हेच मत इकडे धरलं जातं. त्याच्या उत्तररामचरित नाटकाच्या सहाव्या अंकाची सुरुवात बघा, रामाचा मुलगा लव आणि लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू लढतायत आणि विद्याधर (आकाशात फिरणारा देवयोनीतला) आकाशातून सांगतोय:

"झणज्झणितकङ्कणक्वणितकिङ्किणीकं धनुर्
ध्वनद्गुरुगुणाटनीकृतकरालकोलाहलम्"

वृत्त पृथ्वी. दुसरी ओळ अख्खी एकच समास, उघड गौडी (लांब समासांची, ओजाची रीती), पण नुसतं "अनुप्रास आहे" लिहून भागत नाही, कुठला वर्ण काय करतो ते कोट करून दाखवावं लागतं. काव्यशास्त्रकार मम्मटाच्या हिशेबानं कङ्कण, किङ्किणी यातला ङ्क हा माधुर्याचा वर्ण, ओजाचा नाही, आणि तरी ओळ लढाईची आहे. धनुष्याची घुंगरं बांगड्यांसारखी वाजतायत आणि लगेच खाली दोरीचा कराल (भयंकर) कोलाहल. याचं कारण पुढच्या ओळीतल्या "अविरतस्फुरच्चूडयोः" या शब्दात सापडतं, दोघांच्या शेंड्या सारख्या हलतायत, म्हणजे लढणारी ही पोरं आहेत आणि नात्यानं भाऊ आहेत! गोड वर्ण त्या पोरवयाचे आहेत असं वाचलं की श्लोक नुसता वीररसाचा राहत नाही, काळजाला लागतो.

दुसऱ्या टोकाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं १९४२चं भजन, "झाड झडूले शस्त्र बनेंगे, भक्त बनेगी सेना". भाषा हिंदी, पण आष्टी-चिमूरच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याशी हे शब्द जोडलेले आहेत (चिमूर, १६ ऑगस्ट १९४२) आणि गावोगावी भजनी मंडळात ते म्हटले जातात. समास नाही, शब्द शेतात रोज बोलायचे, म्हणजे विश्वनाथाच्या मापानं बांधणी वैदर्भीच्या जवळची. अलंकार कोणता यावर मात्र घोळ होतो. मम्मट परिणाम अलंकार (ज्यात उपमान उपमेयाचं रूप घेऊन काम करतं) वेगळा मानत नाही, त्याच्या वाटेनं गेलं तर रूपक म्हणावं लागतं. रुय्यक हा दुसरा शास्त्रकार तो मानतो, आणि झाडानं शस्त्राचं काम करायचं असल्यानं परिणाम म्हणायलाही वाव आहे. रूपक म्हणणं बरं, पण "बनेंगे" हे भविष्यकाळी क्रियापद पुराव्यात घेतल्याशिवाय नाही, कारण झाड आज शस्त्र नाही, उद्या होणार आहे, आणि ओळीचा सगळा जोर त्या उद्यावर आहे.

पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडे खडीगंमत या लोकनाट्यात शाहीर डफ-तुणतुण्यावर पोवाडे म्हणतात. तिथे झणझण, खणखण असे नादशब्द भरपूर येतात आणि डफाची थाप बरोबर त्याच शब्दावर पडते, म्हणून त्या ओळी कागदावरून कोट करताना थाप कुठे आहे तेही लिहावं.